जुने व्हरायटी शो बघताना जोक नंतर ऐक, आधी समोर पब्लिक कुठलं आहे ते बघ

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात वर्ष-दीड वर्ष ओपन माइक (नवख्यांना स्टेज मिळतं ते विनोदाचे कार्यक्रम) करणाऱ्या एका मुलाने विचारलंय की सगळे सिनियर सांगतात जुने अमेरिकन व्हरायटी शो बघ, एड सुलिव्हान बघ, बॉब न्यूहार्ट बघ, जॅक बेनी बघ, म्हणून चार रात्री जागून बघितले पण हसूच येत नाही, सगळं संथ वाटतं, तर हे बघायची खरंच गरज आहे का आणि असेल तर सुरुवात कुठून करू. आणि शेवटी हळूच एक ओळ लिहिलीये, की दादा माझा सहा मिनिटांचा सेट, म्हणजे स्टेजवर सलग करायचे विनोद, काही केल्या बसत नाहीये. सोबत सेटचं वर्णन आणि व्हिडिओ पाठवलाय.

खरं दुखणं त्या शेवटच्या ओळीत आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

हसू आलं नाही यात तुझं काही चुकलं नाही. साठ वर्षांपूर्वीचा विनोद, तोही दुसऱ्या देशातला, त्यात कोण तो सिनेटर आणि कुठली ती सिगारेटची जाहिरात, अर्धं डोक्यावरून जाणारच. आजच्या पोरांना मी रॉकेलच्या रांगेवरचा नाहीतर ट्रंक कॉलवरचा आयटम ऐकवला तर माझ्या तोंडाकडे बघत बसतील, आणि हे दोन्ही आयटम एके काळी माझे हातखंडा होते बरं का. तेव्हा जोकसाठी बघत असशील तर सोड, झोप घे.

पण मी पंचवीसेक वर्षं हेच करतोय, आधी ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मधला फिलर, मग निवेदक, मग एकपात्री, आणि आता जास्त करून दुसऱ्यांना लिहून देतो. ऑर्केस्ट्रातल्या पहिल्या सात-आठ वर्षांत मी नेमकं काय शिकलो ते मला तेव्हा कळलंच नव्हतं. ते कळलं हे जुने शो बघताना. म्हणून माझं उत्तर आहे की बघ, फक्त बघायची जागा बदल.

एड सुलिव्हान म्हणजे काय ते आधी नीट समजून घे, नाहीतर क्लिपा सुट्या सुट्या बघशील आणि मुद्दा निसटेल. हा माणूस मूळचा पेपरमधे ब्रॉडवेवर कॉलम लिहिणारा. गाता येत नाही, नाचता येत नाही, विनोद तर अजिबात नाही, मान आखडल्यासारखा उभा राहायचा, हाताची घडी, नावं चुकवायचा. नकलाकार त्याचीच नक्कल करून पोट भरायचे इतका तो अवघडलेला होता. आणि तरी २० जून १९४८ ला सुरू झालेला शो १९७१ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षं, सीबीएस या चॅनेलवर दर रविवारी रात्री चालला. आधी नाव 'टोस्ट ऑफ द टाउन' होतं, १९५५ पासून त्याच्याच नावाने. पहिल्याच भागात डीन मार्टिन आणि जेरी लुईस ही विनोदी जोडी होती. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ज्या थिएटरातनं तो व्हायचा त्याला १९६७ मधे त्याचंच नाव दिलं, पुढे १९९३ पासून डेव्हिड लेटरमनचा शो तिथंच झाला.

आता एका तासात काय काय असायचं बघ. ऑपेरा गाणारी बाई. मग काठ्यांवर वाडगे आणि टेबलावर ताटल्या गरगर फिरवत धावणारा एरिक ब्रेन, एक पडतेय तोवर दुसरीला फिरकी. मग ब्रॉडवेच्या नाटकातला एखादा प्रवेश, मग डोंबारी, मग कुत्र्यांचा खेळ, मग सेन्योर वेन्सेस नावाचा स्पॅनिश शब्दभ्रमकार, जो स्वतःच्याच मुठीवर लिपस्टिकने ओठ काढून त्या मुठीशी गप्पा मारायचा (आपल्या रामदास पाध्यांच्या अर्धवटरावावर वाढलेल्या माणसाला हा लगेच आवडेल). मग पोरींना वेड लावणारा एखादा बँड. आणि या सगळ्याच्या मधे कुठंतरी सूट-टाय घालून एक कॉमेडियन, एकटा, माइकसमोर, पाच-सहा मिनिटं.

समोर बसलेल्यांपैकी त्याच्यासाठी कोण आलंय? कुणीच नाही. आजीला ऑपेरा हवाय, नातीला बँड हवाय, लहान पोराला कुत्रं हवंय आणि घरातल्या कर्त्या माणसाला हे सगळं कधी संपतंय ते हवंय. या चौघांना एकाच वाक्यावर हसवायचं. नमनाला घडाभर तेल घालायची सोयच नाही. तुझ्या ओपन माइकला येणारी पोरं तुझ्या वयाची असतात, तुझ्यासारखीच असतात, निदान विनोद ऐकायला म्हणून तरी आलेली असतात. तुझं घोडं पेंड खातं ते इथं. तुला अजून परक्या पब्लिकसमोर उभं राहायची वेळच आलेली नाही, त्यामुळे सेटमधे फालतू किती आहे ते तुला दिसत नाहीये.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे ऑर्केस्ट्रा आणि गणपतीचे कार्यक्रम. टीव्हीवर म्हणशील तर मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं आणि त्यावर विनायक चासकरांचा 'गजरा' होता, छोटी छोटी प्रहसनं एकात एक गुंफलेली, तो आमच्या पिढीने डोळे फाडून बघितलाय. पण कॉमेडियनच्या हालांच्या दृष्टीने बघायचं तर ऑर्केस्ट्राच. जॉनी लिव्हर हिंदुस्तान लिव्हरमधे नोकरी करत होते, तिथनं नकला, मग कल्याणजी-आनंदजींच्या शोमधे, तिथनं पुढे सिनेमा. लोक यायचे गाणी ऐकायला आणि हा माणूस मधल्या वेळात सगळा हॉल खिशात घालून जायचा.

याच्या उलटं टोक म्हणजे पुलं. 'बटाट्याची चाळ' स्टेजवर आली १९६१ मधे, म्हणजे सुलिव्हानचा शो तिकडे जोरात असताना. एकटा माणूस, अख्खी चाळ उभी करतोय. पण तिथं प्रत्येक माणूस तिकीट काढून पुलंसाठीच आलेला. लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' तसंच, एका माणसाने बावन्न पात्रं उभी केली. ती कला मोठीच आहे, कदाचित जास्त मोठी, पण ती वेगळी. तिथं तुम्हाला हळूहळू तापवत न्यायला वेळ असतो. सुलिव्हानकडे नव्हता आणि तुझ्याकडेही सहा मिनिटंच आहेत.

माझी फजिती सांगतो म्हणजे कळेल. नव्वदच्या दशकाचा शेवट, सांगलीच्या बाजूला एका गावात गणपतीची सुपारी, म्हणजे पैसे घेऊन करायचा कार्यक्रम, होती. लावणीचा कार्यक्रम, शेवटी लकी ड्रॉ. मी का, तर लावणीवाल्या बाईंना नऊवारी बदलायला वेळ लागतो म्हणून. संयोजक मला विंगेत सांगतात, "दहा मिनिटं खेचा, साडी बदलतायत." मी गेलो आणि सवयीने सुरू, नमस्कार, समस्त ग्रामस्थ, मंडळाचे आभार, विनोद म्हणजे काय, दीड-दोन मिनिटं नुसतं हेच. मागनं आवाज आला, "ए, बाईला पाठव!" त्याला जो हशा आला तो माझ्या दहा मिनिटांत एकदाही नाही आला. मग मी घाबरून वेग वाढवला, वेग वाढला की शब्द खाल्ले जातात, शब्द गेले की पंच, म्हणजे हशा आणणारं वाक्य, कळत नाही, सगळा बोऱ्या वाजला. परत आल्यावर ढोलकीवाले काका बिडी विझवत एवढंच बोलले, "आधी त्यांच्या पोटातलं बोलायचं, मग आपलं."

पुढच्या गावात मी माइकवर गेलो आणि पहिलंच वाक्य टाकलं: "बाई येतायत. साडी नेसतायत. तोवर मी आहे, लाईट गेल्यावर मेणबत्ती असते तसा." भारनियमनाचे दिवस होते ते. आख्खं मैदान हसलं. आणि हसलं म्हणजे त्यांनी मला दहा मिनिटं दिली. बाकी आयटम तोच होता, अक्षरशः शब्दन् शब्द तोच.

आता हे डोक्यात ठेवून ९ फेब्रुवारी १९६४ चा सुलिव्हानचा भाग पूर्ण बघ. हो, तोच, बीटल्सवाला. जवळपास ७ कोटी ३० लाख लोकांनी तो पाहिला, थिएटरात खुर्च्या ७२८ आणि तिकिटांसाठी अर्ज ५० हजारांच्या घरात. लोक फक्त बीटल्सची गाणी काढून बघतात. तू मधलं बघ. मधे मिट्झी मॅकॉल आणि चार्ली ब्रिल नावाची तरुण नवरा-बायको जोडी आहे, बीटल्स दुसऱ्यांदा यायच्या अगदी आधी. रविवारी दुपारी तिथं प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम व्हायची आणि तालमीनंतर सुलिव्हान क्रम बदलायचा, आयटम कापायचा, हे नेहमीचंच. या दोघांना त्याने बोलावून सांगितलं की समोर सगळ्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी आहेत, तुमचा आयटम त्यांच्या डोक्यावरून जाईल, बदला. लाइव्ह शोला उरलेत थोडे तास. त्यांनी बिचाऱ्यांनी स्वतःच्या वेगवेगळ्या आयटममधले तुकडे उचलून घाईघाईत काहीतरी जोडलं आणि गेले स्टेजवर. जे व्हायचं ते झालं. पोरी किंचाळायला आलेल्या, त्यांना हे दोघं म्हणजे रस्त्यातली बैलगाडी. पुढे अनेक वर्षं त्यांनी ते रेकॉर्डिंग बघितलं नाही.

मी ते तीनदा बघितलं. पहिल्यांदा अंगावर काटा आला कारण मला माझी सांगली दिसली. दुसऱ्यांदा लक्षात आलं की ही दोघं वाईट नाहीयेत, टायमिंग आहे, चेहरे छान आहेत. तिसऱ्यांदा वही घेऊन बसलो तेव्हा दिसलं की त्या पूर्ण आयटममधे समोर बसलेल्या पोरींच्या मनात आत्ता काय चाललंय याबद्दल एक अक्षर नाही. मी शहाणपणा करतोय असं नाही, घरी बसून बोलणं सोपं असतं, त्या जागी मीही पडलोच असतो. त्याच भागात फ्रँक गोर्शिन नावाचा नकलाकार आहे, पुढे 'बॅटमन' मालिकेत रिडलर झाला तो. त्याने हॉलिवूडच्या लोकांच्या नकला केल्या आणि बऱ्यापैकी निभावून नेलं, कारण नकलेला भाषा आणि वय आड येत नाही, ओळखीचा आवाज आला की माणूस मान वर करतोच. आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी नकलाच का धरून ठेवल्या त्याचं कारण तेच.

आता तू ज्याला संथ म्हणालास त्या बॉब न्यूहार्टकडे येतो, कारण शिकायला सगळ्यात जास्त माल त्याच्याकडे आहे.

हा शिकागोचा, अकाउंटंट. स्वतःच सांगायचा की पेटी कॅश दोन-तीन डॉलरने जुळली नाही तर मी खिशातनं घालून मिटवायचो. नाइटक्लबात कधी उभा न राहिलेल्या या माणसाला रेकॉर्ड कंपनीने करारबद्ध केलं आणि फेब्रुवारी १९६० मधे ह्यूस्टनच्या एका क्लबात पहिला अल्बम रेकॉर्ड केला. तो बिलबोर्ड मासिकाच्या गाजणाऱ्या अल्बमच्या यादीत पहिल्या नंबरवर गेला, विनोदाचा अल्बम तिथं जायची ही पहिलीच वेळ, आणि पुढच्या वर्षी ग्रॅमीत अल्बम ऑफ द इयर. २०२४ मधे ९४ व्या वर्षी गेला.

त्याची खरी करामत काय, तर अर्धा संवाद. बहुतेक आयटम एकाच माणसाच्या बोलण्यातनं उभे राहतात, फोनवर नाहीतर समोरासमोर, आणि पलीकडचा माणूस आपल्याला ऐकूच येत नाही. त्याच पहिल्या अल्बममधे ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याचा आयटम आहे. गाडीत एक बाई शिकायला बसल्यात, त्यांचं दुसरं लेसन, आधीच्या लेसनला दुसरे एक मास्तर होते. हा अगदी नम्रपणे विचारतो की ते मास्तर गाडीतनं उडी मारून गेले तेव्हा तुम्ही साधारण किती स्पीडला होतात? पॉज. पंचाहत्तर? पॉज. आणि हे कुठं झालं? पॉज. तुमच्या घराच्या दारात?

इथं थांबून बघ काय झालंय. बाईंनी काय उत्तर दिलं ते आपण ऐकलंच नाही, ते आपण स्वतः तयार केलं. पॉजमधे तो गप्प बसलाय आणि प्रेक्षकांचं डोकं चालू आहे. जोकमधलं सगळ्यात मजेशीर वाक्य कलाकार बोलतच नाही, ते प्रेक्षकाच्या डोक्यात वाजतं, आणि आपण स्वतः लावलेल्या जोकवर माणूस जास्त हसतो. म्हणून तुला संथ वाटलं. तू पॉजमधे फोन बघत होतास, मी पैज लावतो.

(बाईमाणसाला गाडी येत नाही हा विनोद आज शिळा आहे आणि करूही नये, ते वेगळं. सांगाडा घे, मांस तुझं लाव. पलीकडे सोसायटीचा सेक्रेटरी ठेव, वसुलीवाला ठेव, गावाकडनं पहिल्यांदा व्हिडिओ कॉल करणारी आजी ठेव. मात्र जोक उचलून भाषांतर करू नकोस. मी सुरुवातीला एका कॅसेटमधला इंग्रजी जोक मराठीत आणून मिरजेत केला होता. त्या शांततेत मला पंख्याचा आवाज ऐकू येत होता.)

न्यूहार्ट बोलताना अडखळायचा. टीव्हीवर एकदा निर्माता म्हणाला वेळ कमी आहे, ते अडखळणं जरा कमी कर, तर त्याने सांगितलं की या अडखळण्यावरच माझं बेव्हर्ली हिल्सचं घर झालंय. गंमत सोड, पण बघ की त्या घाबरट, सभ्य, कुणाला दुखवायचं नाही अशा बोलण्यामुळे पहिल्या दहा सेकंदांत हा माणूस कोण आहे ते कळतं. सहा मिनिटांत ओळख करून द्यायला वेगळा वेळ नसतो, तुझ्या उभं राहण्यातनंच ती व्हावी लागते. रॉडनी डेंजरफिल्डचं तेच. या माणसाने तरुणपणी कॉमेडी करून बघितली, जमली नाही, सोडली, घरांना लावायचे ॲल्युमिनियमचे पत्रे विकले, आणि चाळिशीत परत आला. सुलिव्हानवर आला १९६७ ला, पंचेचाळीशीत. टाय ओढत, घाम पुसत, मला कुणी किंमतच देत नाही हे एकच गाऱ्हाणं. बस्स, झाली ओळख. त्यानंतर डॉक्टरचा जोक असो, बायकोचा असो की कुत्र्याचा, सगळे एकाच खुंटीला टांगलेले. दोनच वर्षांत मॅनहॅटनमधे त्याचा स्वतःचा क्लब उघडला.

तुझ्या सेटचं वर्णन तू केलंयस त्यात लोकल ट्रेन आहे, डेटिंग ॲप आहे, एमपीएससी आहे आणि शेवटी वडील. प्रत्येक विषयाला बोलणारा माणूस वेगळा वाटतो का ते तपास. माझा अंदाज आहे की वाटतो. खुंटी नाहीये.

जॅक बेनी. याचा सगळ्यात गाजलेला हशा रेडिओवरचा आहे, २८ मार्च १९४८. चोर म्हणतो पैसे की प्राण, आणि बेनी गप्प. रेडिओवर गप्प! चोर वैतागून परत विचारतो तेव्हा हा म्हणतो, विचार करतोय ना! आता हा जोक कागदावर लिहून कुणाला दिलास तर माणूस बरं म्हणेल. तो फुटला कारण बेनी चिक्कू आहे हे कित्येक वर्षं लोकांच्या डोक्यात भरलेलं होतं, त्यामुळे ती शांतता सुरू झाली तिथंच लोकांना कळलं की हा हिशोब करतोय. टीव्हीवर त्याने तेच केलं, गालाला हात, कॅमेऱ्याकडे एक नजर आणि थांबणं. थांबायला हिंमत लागते. तुझ्या पाठवलेल्या व्हिडिओत तू प्रत्येक पंचनंतर "म्हणजे" म्हणून पुढचं सुरू करतोस. ते "म्हणजे" तुझा हशा खातंय.

जॅकी मेसन या कॉमेडियनचा किस्सा मला कायम दोन्ही बाजूंनी पटतो. १८ ऑक्टोबर १९६४, सुलिव्हानचा शो लाइव्ह चालू, त्या रात्री राष्ट्राध्यक्ष जॉन्सनचं भाषण होतं त्यामुळे वेळेची ओढाताण. मेसन बोलतोय आणि कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून सुलिव्हान त्याला बोटं दाखवतोय, दोन मिनिटं राहिली, मग एक. थिएटरातले प्रेक्षक मेसनकडे बघायचं सोडून त्या बोटांकडे बघायला लागले. मेसनने जे करायला हवं तेच केलं, बोटं आयटममधे घेतली, हे घ्या बोट, ते घ्या बोट करत चिडवायला लागला. हशा मिळाला. सुलिव्हानला वाटलं याने मला अश्लील खूण केली. करार रद्द, कोर्टकचेरी, १९६६ मधे कुठं परत बोलावलं, पण त्याच्या नावावर बसायचा तो शिक्का बसलाच. समोर जे घडतंय ते आत घेणं हा विनोदवाल्याचा धर्म आहे असं मी शिकलो आणि शिकवतो. पण ज्याच्या हातात पाकीट आहे त्याला आत घेताना... जाऊ दे, तुला अजून असा प्रसंग यायचाय.

फिलिस डिलर ही कॉमेडियन जरूर बघ, आणि तिच्यापेक्षा तिचं कपाट बघ. पाच मुलांची आई, सदतिसाव्या वर्षी १९५५ मधे सॅन फ्रान्सिस्कोच्या पर्पल अनियन क्लबात पहिल्यांदा उभी राहिली. पिंजारलेले केस, लांब सिगारेट होल्डर, भयानक फ्रॉक आणि ते खिंकाळल्यासारखं हसणं. हे सगळं वेडेपणाचं वाटतं पण तिचं एक लोखंडी ड्रॉवरांचं कपाट आहे, आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात, त्यात ५० हजारांवर कार्डं आहेत, एका कार्डावर एक जोक, विषयवार, अक्षरांच्या क्रमाने लावलेली, बऱ्याच कार्डांवर तारीख आणि जोक दुसऱ्या कुणी दिला असेल तर त्याचं नाव. त्या पिंजारलेल्या केसांच्या मागे एवढी शिस्त होती. माझ्याकडे एक पत्र्याचा बिस्किटाचा डबा होता आणि त्यात एसटीच्या तिकिटांच्या मागे लिहिलेले जोक, त्यातला निम्मा डबा वाळवीने खाल्ला. तू मोबाईलमधे लिहितोस हे ठीक आहे, पण विषयवार लाव आणि कुठं चालला, कुठं पडला ते शेजारी लिही.

सुलिव्हानच्या बाहेर म्हणशील तर सिड सीझरचा 'युअर शो ऑफ शोज', १९५० ते ५४, शनिवारी रात्री दीड तास, सगळं लाइव्ह, आणि लिहायला मेल ब्रुक्स, नील सायमनसारखी माणसं. सीझर खोट्या जर्मन, खोट्या फ्रेंच, खोट्या जपानीत बोलायचा, एक शब्द खरा नाही आणि अर्थ मात्र पूर्ण कळतो. भाषेच्या लयीवर नुसता कान ठेवला तर काय होतं ते ऐक. मालवणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी करणाऱ्याने तर ऐकच, कारण आपल्याकडे बोली म्हणजे चार शब्द टाकून मोकळे होतात, लय कुणी धरत नाही. कॅरोल बर्नेट, १९६७ ते ७८, सुरुवातीला हॉलचे दिवे लावून प्रेक्षकांचे प्रश्न घ्यायची, सरळ, काही न ठरवता. हे पण पब्लिकच्या पोटातलं बोलणंच. तिच्या शोमधला टिम कॉनवेचा दाताच्या डॉक्टरचा प्रवेश बघ, बधिर करायचं इंजेक्शन स्वतःच्याच हाताला टोचून घेतो आणि खुर्चीतला हार्वी कॉर्मन हसू दाबता दाबता लाल होतो. तो प्रवेश कळायला इंग्रजी यायचीही गरज नाही.

जॉनी कार्सनचा 'टुनाइट शो', १ ऑक्टोबर १९६२ ते २२ मे १९९२, तो व्हरायटीपेक्षा गप्पांचा, पण नव्या कॉमेडियनची पडद्यामागनं येण्याची जागा म्हणजे तीच. सेट झाल्यावर कार्सनने सोफ्यावर बोलावलं तर आयुष्य बदललं. जोन रिव्हर्स ही कॉमेडियन १९६५ ला आली आणि कार्सनने तिथल्या तिथं सांगितलं की तू स्टार होणार. त्यातल्या पहिल्या दहा वर्षांचं बहुतेक रेकॉर्डिंग आज नाहीये, टेप महाग म्हणून पुसून परत वापरल्या. त्याआधीचं जे काळंपांढरं, धुरकट दिसतं ते बरंचसं टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून टिपलेलं असतं, तेव्हा प्रिंट वाईट म्हणून क्लिप बंद करू नकोस.

एक गोष्ट मात्र या शोंना पेलली नाही, ती पण सांगतो नाहीतर मी नुसता जुन्याचा भक्त वाटेन. चौघांना एकत्र हसवायचं म्हणजे चौघांपैकी कुणालाच टोचायचं नाही. पुढे बेधडक बोलण्यासाठी गाजलेले जॉर्ज कार्लिन आणि रिचर्ड प्रायर दोघंही सुरुवातीला सूट घालून याच शोमधे गोड गोड आयटम करायचे, आज बघितलं तर ओळखू येत नाहीत. प्रायर १९६७ मधे लास वेगासला चालू शोमधनं स्टेज सोडून निघून गेला, कार्लिनने सत्तरच्या आसपास दाढी-केस वाढवले, आयटम बदलले आणि १९७२ मधे मिल्वॉकीत शिव्यांच्या आयटमवरनं अटक करून घेतली. स्मदर्स ब्रदर्स या भावांच्या जोडीने स्वतःच्या व्हरायटी शोच्या आत राहून राजकारणावर बोलून बघितलं तर चॅनेलशी भांडणं होऊन १९६९ मधे शोच गेला. पण प्रायरचं नंतरचं काम बघताना लक्षात येतं की पंच कधी टाकायचा, कुठं थांबायचं हे तो त्या सूटमधेच शिकला होता.

आता तुझं काम. अधिकृत चॅनेलवर सुलिव्हान आणि कार्सन दोघांच्याही भरपूर क्लिपा आहेत. एका कलाकाराचा एक सेट घे, आधी आवाज बंद करून बघ, हात कुठं असतात, पाय हलतात का, पंच झाल्यावर मान कुठं जाते. मग आवाज लावून कागद घेऊन बस, हशा आला की उभी रेघ, टाळी आली की आडवी, आणि पहिली उभी रेघ कितव्या सेकंदाला आली ते वर लिही. लाइव्ह शोच घे हं. त्या काळच्या बऱ्याच मालिकांमधे चार्ली डग्लस नावाच्या माणसाच्या मशीनमधला हशा चिकटवलेला असतो, तो मोजून काही उपयोग नाही. मग तुझा सहा मिनिटांचा व्हिडिओ घे आणि तसंच कर. मी तुझा केला. पहिली उभी रेघ एक मिनिट दहा सेकंदाला आहे, त्याआधी तू ठिकाणाचं नाव, आयोजकांचं नाव, आणि तू इंजिनियर आहेस हे सांगतोस. तेवढं काप. मग सहाची पाच झाली.

आणि एखादी सुपारी अशी घे जिथं कुणी तुझ्यासाठी आलेलं नसेल. सोसायटीची कोजागिरी, ऑफिसचा ॲन्युअल डे, गणपतीतला महिला मंडळाच्या फुगड्यांनंतरचा स्लॉट. नाईट, म्हणजे कार्यक्रमाचे पैसे, मिळाली नाही तरी चालेल. पाच मिनिटं कर, फोनवर रेकॉर्ड कर, आणि पडला तर पडलेलाच पाठव, एडिट करू नकोस.